इंचभर उंचीचे गृहरक्षक



शाळेंत इजिप्तचा धडा शिकवितांना मीं वर्षानुवर्षें पिरामिड आणि राजे यांच्यावरच तास संपविला. त्या देशांतील सामान्य माणूस रात्रीं कोणाच्या भरंवशावर निर्धास्त झोंपत असे, हें मुलांना सांगावयाचें राहून गेलें. आज तें सांगतों.

त्याच्या घरांतील दोन देवता दिसावयास मुळींच सुंदर नाहींत. बेस हा फेंगड्या पायांचा ठेंगू. त्याला सिंहाची आयाळ, आणि जीभ बाहेर काढलेली. तावेरेत ही गर्भवती पाणघोडी. तिचे पंजे सिंहाचे व पाठ सुसरीची. परंतु हें उग्र रूप भक्तांना भिवविण्यासाठीं नव्हतें; सर्प आणि बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला छळणारीं भुतें यांना पळवून लावण्यासाठीं होतें.

त्यांच्या इंच-दीड इंच उंचीच्या मूर्ति फायान्सच्या करीत. हें फायान्स म्हणजे कुंभाराची माती नव्हे. गारेची पूड, थोडा चुना व खार पाण्यांत कालवून तो लगदा मातीच्या सांच्यांत दाबीत. वाळतांना आंतील क्षार पृष्ठभागावर येई, आणि भट्टींत त्याचीच कांच होऊन तांब्याच्या अंशानें तिला निळाहिरवा रंग चढे. अनेक मूर्तींना दोरा ओंवण्यास भोंक असे. रत्नाची झळाळी अशी गरिबाच्या गळ्यांतही पोंचली.

या गृहदेवतांची खरी कसोटी इसवी सनापूर्वी १३५० नंतरच्या काळांत लागली. राजा आखेनातेन यानें आतेन या सूर्यबिंबाची उपासना एकमेव मानली, आमोनचें नांव देवळांच्या भिंतींवरून छिनून काढविलें, आणि अमरना येथें नवी राजधानी वसविली. त्याच ठिकाणीं १८९१-९२ मध्यें पेट्री यांनीं उत्खनन केलें, तेव्हां फायान्सचे हजारों सांचे हातीं आले. त्यांत बेस आणि तावेरेत यांचेही होते! पुढें १९२१ सालीं तेथील कारागिरांच्या वस्तींत, घराच्या भिंतीवर नाचणारे बेस रंगविलेले आढळले.

म्हणजे राजाची छिन्नी देवळांपर्यंत पोंचली. आईनें लेंकराच्या गळ्यांत बांधलेला दोरा तिला तोडतां आला नाहीं. आखेनातेनच्या मागें त्याचें नगर ओस पडलें. बेस मात्र रोमन अंमलांतही पुजला जात होता.

राजांच्या सनावळीशेजारीं हा इंचभर उंचीचा देवही मीं फळ्यावर काढावयास हवा होता, असें आतां वाटतें.