भुयारातील नायक आणि त्याची नोंदवही : साध्या पटखेळातील पात्रविकासाचा इतिहास

प्रस्तावना

बुद्धिबळात पलीकडच्या टोकाला पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो. परंतु डाव मोडला की तेच प्यादे पुन्हा आपल्या मूळ घरात येऊन उभे राहते. सापशिडीतील सोंगटी शंभराव्या घरात पोहोचली तरी पुढच्या डावात तिला आरंभापासूनच निघावे लागते. मागील डावाचे देणेघेणे पुढील डावात आणायचे नाही, हा पटावरील खेळांचा जुना संकेत आहे. या संकेतामुळेच नवखा खेळाडू मुरलेल्या खेळाडूसमोर, निदान डावाच्या आरंभी तरी, बरोबरीने बसू शकतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि पुढे इंग्लंडमध्ये वाढलेल्या एका खेळप्रकाराने हा संकेत मोडला. भुयारात उतरायचे, राक्षसांशी लढायचे आणि खजिना घेऊन बाहेर यायचे, एवढेच या खेळांचे कथानक. इंग्रजीत त्यांना ‘डंजन’ खेळ म्हणतात. त्यांतील सोंगटीला नाव मिळाले आणि ती डावागणिक अधिक समर्थ होऊ लागली. या वाढीला प्रस्तुत लेखात ‘पात्रविकास’ अशी संज्ञा वापरली आहे.

साध्या खेळात पात्रविकासाची भर घालणे वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र त्यातून दोन अवघड प्रश्न निर्माण झाले. नायकाच्या वाढीची स्मृती कोणी जपायची? आणि नायक बलवान होत गेला तर भुयार सोपे होऊन खेळातील धोकाच नाहीसा होणार नाही काय? या दोन प्रश्नांना गेल्या अर्धशतकात मिळालेल्या उत्तरांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

१. पूर्वपीठिका : पंचाच्या हाती असलेली स्मृती

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ पिता-पुत्रांनी ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ घडविला. १८२४ मध्ये पुत्राने त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही पक्षांच्या वर एक पंच असे. पुढे १८८० मध्ये अमेरिकन लष्करी अधिकारी चार्ल्स टॉटन यांनी ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ लिहिला. मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरातील हौशी खेळाडूंच्या हाती हा ग्रंथ १९६० च्या दशकात पडला. त्यांपैकी डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला आणि प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी एकेक व्यक्ती दिली.

याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ हा डाव सुरू केला. त्यात किल्ल्याखालच्या भुयारांना लवकरच मध्यवर्ती स्थान मिळाले. खेळाडू पुढच्या बैठकीला येत तेव्हा आपले आधीचेच पात्र घेऊन येत; जगलेल्या पात्राचा अनुभव त्याच्या खाती जमा झालेला असे. निवाडा आणि नोंद ही दोन्ही कामे पंचाची होती. अर्थात नायकाची वाढ एका व्यक्तीच्या चिकाटीवर अवलंबून होती. पंच थकला तर नायकाचा इतिहासही थांबणार, हे उघड होते.

२. १९७४ : वाढीचा हिशेब

ही वाढ छापील नियमांत बसविण्याचे काम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने केले. गॅरी गायगॅक्स व आर्नेसन यांची ही संयुक्त कृती १९७४ मध्ये टॅक्टिकल स्टडीज रूल्स या संस्थेने तीन पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केली. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या आधीच्या युद्धखेळात ‘हीरो’ हा चार माणसांच्या आणि ‘सुपरहीरो’ हा आठ माणसांच्या बळाने लढत असे. या दोन स्थिर प्रकारांच्या खाली, मध्ये आणि वर नव्या खेळाने पायऱ्या बसविल्या. योद्धा ‘व्हेटरन’ म्हणून आरंभ करी. चौथ्या पायरीवर त्याला ‘हीरो’ आणि आठव्या पायरीवर ‘सुपरहीरो’ ही पदवी मिळे. युद्धखेळात जे दोन वेगळे मोहरे होते, ते आता एकाच माणसाच्या आयुष्यातील दोन टप्पे झाले. पात्रविकासाच्या इतिहासातील हा निर्णायक क्षण होय.

पायऱ्यांचे मोल अनुभवगुणांत ठरविले होते. योद्ध्याला दुसऱ्या पायरीसाठी २,०००, तिसरीसाठी ४,०००, चौथीसाठी ८,००० आणि पुढे सातव्या पायरीसाठी ६४,००० गुण लागत. आरंभी वाढ भराभर होई, नंतर ती दुर्मीळ होत जाई. दुसऱ्या प्रश्नाची जाणीवही रचनाकारांना होती. आठव्या पायरीचा मांत्रिक भुयाराच्या पाचव्या स्तरावर वावरत असेल तर त्याला मिळकतीच्या पाच-अष्टमांश एवढेच अनुभवगुण द्यावेत, असा नियम त्यांनी घातला. सोप्या जागी सुरक्षित राहून मोठे होण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. तरीही स्मृती पंचाकडेच राहिली. भुयार आखणारा, ते लपविणारा आणि निवाडा करणारा तोच होता.

३. १९७५ : स्मृतीशिवायचे भुयार

ब्लॅकमूरच्या खेळाडूंपैकी डेव्हिड मेगरी यांनी १९७२ मध्ये याच अनुभवातून वेगळी वाट काढली. त्यांनी भुयार कायमचे पटावर छापले आणि पंच काढून टाकला. हा खेळ १९७५ मध्ये ‘डंजन!’ या नावाने प्रसिद्ध झाला. पटावर भुयाराचे सहा स्तर होते. खालच्या स्तरांवर राक्षस अधिक भयंकर आणि खजिना अधिक मोठा. खेळाडूला एल्फ, हीरो, सुपरहीरो किंवा मांत्रिक यांपैकी एक भूमिका घेता येई.

येथे पात्रे वाढत नाहीत. सापडलेली जादूची तलवार लढाईत उपयोगी पडते, पण ती त्या डावापुरतीच. बळाची विषमता मेगरी यांनी निराळ्या रीतीने सावरली. एल्फ व हीरो यांना जिंकण्यासाठी १०,००० सुवर्णनाण्यांचा खजिना पुरे. सुपरहीरोला २०,००० आणि मांत्रिकाला ३०,००० नाणी जमवावी लागत. बलवानाकडून अधिक अपेक्षा ठेवणारा हा नियम अत्यंत साधा आणि न्याय्य आहे.

एकाच मंडळातून निघालेल्या या दोन खेळांत एक स्पष्ट देवाणघेवाण दिसून येते. ज्यात स्मृती होती त्याला पंच लागला. ज्यात पंच नव्हता त्याने स्मृती सोडून दिली. पुढील चार दशके अनेक रचनाकार एकच गोष्ट शोधत होते : पंचाशिवाय, पेटीतल्या सामग्रीवरच नायकाची स्मृती टिकविता येईल काय?

४. कागदावरची वाढ : १९८९ ते २०१०

या शोधातील पहिले लोकप्रिय उत्तर म्हणजे ‘हीरोक्वेस्ट’ (१९८९). स्टीफन बेकर यांचा हा खेळ मिल्टन ब्रॅडली व गेम्स वर्कशॉप यांच्या सहकार्यातून आला. त्यात चौदा मोहिमांची पुस्तिका, चार नायक आणि दुष्ट जादूगाराची बाजू घेणारा एक खेळाडू होता. पंचाची जागा अशा रीतीने प्रतिपक्षाने घेतली. प्रत्येक नायकासाठी एक छापील कागद होता. त्यावर मिळालेले सोने आणि शस्त्रे नोंदवायची. रानटी योद्ध्याचे देहबळ पहिल्या मोहिमेत ८ असते आणि चौदाव्या मोहिमेतही ८ च राहते. वाढ होते ती विकत घेतलेल्या ढाल-तलवारीची. त्यामुळे लहान मुलेही हिशेब ठेवू शकत आणि नायक आवाक्याबाहेर जात नसे.

‘वॉरहॅमर क्वेस्ट’ (१९९५) याने ही मर्यादा ओलांडली. नायकांना दहा श्रेणी दिल्या. वरच्या श्रेणीसाठी सोने खर्चून शिक्षण घ्यावे लागे, आणि श्रेणीनुसार राक्षसांचीही स्वतंत्र कोष्टके होती. नायकाबरोबर भुयारही वाढले. मात्र यासाठी पेटीत जाडजूड पुस्तक द्यावे लागले आणि खेळाचे मूळचे साधेपण बरेचसे गेले.

केव्हिन विल्सन यांच्या ‘डिसेंट’ (२००५) मध्ये नायकाला एका बैठकीत मिळालेले सामर्थ्य बैठकीअखेर पुसले जाई. २००८ च्या ‘रोड टू लेजंड’ या पूरक संचाने अनेक बैठकांची सलग मोहीम आणली आणि नायकांप्रमाणेच प्रतिपक्षाच्या खेळाडूलाही वाढीचा अधिकार दिला. दोन्ही बाजूंना इतिहास मिळाल्याने तोल राखला गेला; त्यासाठी त्याच मंडळींनी पुन्हा पुन्हा एकत्र बसण्याची अट मात्र आली.

उलट दिशेचा प्रयोग ‘कॅसल रेव्हनलॉफ्ट’ (२०१०) मध्ये दिसतो. तेथे नायकाला एकच पायरी चढता येते. पाच अनुभवगुण साठलेले असताना वीस बाजूंच्या फाशावर २० पडले, तर ते गुण खर्चून तो दुसऱ्या श्रेणीत जातो. हेच गुण आलेले संकट टाळण्यासाठीही वापरता येतात. आज वाचावे की उद्यासाठी वाढावे, असा पेच एका ओळीच्या नियमातून उभा राहतो. पात्रविकास किती थोडक्यात साधता येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५. गावाकडे गेलेली स्मृती

रॉब डेव्हिओ यांच्या ‘रिस्क लेगसी’ (२०११) या युद्धाच्या पटखेळात पटावर कायमच्या चिकटपट्ट्या लावणे आणि पत्ते फाडणे हा नियमाचाच भाग होता. खेळाची वस्तूच नोंदवही झाली. भुयारी खेळात ही कल्पना आयझॅक चिल्ड्रेस यांच्या ‘ग्लूमहेवन’ (२०१७) मध्ये मोठ्या प्रमाणावर आली. त्यात ९५ प्रसंग आणि १७ प्रकारची पात्रे आहेत. पात्राला नऊ श्रेणी चढता येतात.

दुसऱ्या प्रश्नाचे येथील उत्तर गणिती आहे. पात्रांच्या श्रेणींची सरासरी काढून ती निम्मी करायची आणि अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक घ्यायचा. त्यावर राक्षसांचे बळ ठरते. नायक वाढला की संकटही वाढते. मग वाढले काय? या शंकेचे उत्तर पात्राच्या पत्त्यांत सापडते. श्रेणी वाढली की निवडीसाठी नवा पत्ता मिळतो, परंतु प्रसंगात नेण्याच्या पत्त्यांची संख्या तेवढीच राहते. शरीरबळ थोडेफार वाढते, पण खरी वाढ निवडीच्या कक्षेची असते.

याहून महत्त्वाचा नियम निवृत्तीचा आहे. पात्राचे वैयक्तिक उद्दिष्ट पूर्ण झाले की त्याला मोहिमेतून निवृत्त व्हावे लागते आणि खेळाडू नवे पात्र घेतो. दरम्यान गावाची भरभराट झाली असेल तर नव्या पात्राला वरच्या श्रेणीपासून आरंभ करता येतो. नायक जातो, त्याने कमावलेले गावाच्या खात्यावर उरते. नवख्याला पुन्हा उंबरठ्यावर जागा मिळते. डावांचे देणेघेणे पुढे आणल्याने जी समता हरवली होती, तिचा काही अंश या नियमाने परत मिळविला असे म्हणता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पात्रविकास म्हणजे प्रथमतः स्मृतीची व्यवस्था होय. ती पंचाकडून कागदाकडे, कागदाकडून कोष्टकांकडे आणि शेवटी पेटीतील वस्तूंकडे सरकत गेली. दुसरी, केवळ बळ वाढविणारी वाढ टिकत नाही. भुयारही तितकेच वाढवावे लागते आणि दोहोंतील अंतर जिथल्या तिथे राहते. निवडीची कक्षा रुंदावणारी वाढ मात्र खेळाडूला जाणवते. तिसरी, प्रत्येक भरीची किंमत असते आणि ती बहुधा साधेपणाच्या व नवागताच्या वाट्याला येते.

म्हणूनच साधे खेळ मागे पडले असे म्हणता येत नाही. ‘डंजन!’ २०१२ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हाही त्यात बलवानाला मोठे लक्ष्य देण्याचा जुना नियम कायम होता. ‘हीरोक्वेस्ट’ २०२१ मध्ये परत आला तोही देहबळाचे स्थिर आकडे घेऊनच. साध्या खेळात पात्रविकासाची भर घालू पाहणाऱ्याने नायकाला किती द्यावे याआधी एक प्रश्न विचारावा : पुढच्या बैठकीला जो प्रथमच येईल, त्याच्यासाठी पटाजवळ काय शिल्लक राहील? या इतिहासातील टिकाऊ रचनांनी, आपापल्या परीने, या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.