ब्रह्मांडीय खलनायकाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव : अमेरिकी कॉमिक्सच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन (१९६६ ते २०१९)

प्रास्ताविक :

लोकप्रिय वाङ्मय हे ज्या समाजात वाचले जाते त्या समाजाच्या भीतीचे आणि आकांक्षांचे साधन म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. विसाव्या शतकातील अमेरिकी कॉमिक्स हे असेच एक साधन होय. बँका लुटणारा दरोडेखोर, वेडा शास्त्रज्ञ, शत्रुराष्ट्राचा हेर असे खलनायक या पुस्तकांतून प्रारंभापासूनच आढळतात. परंतु १९६० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली. या खलनायकाचे कार्यक्षेत्र एखादे शहर अथवा देश नसून ग्रह, आकाशगंगा किंवा संपूर्ण विश्व असते. प्रस्तुत निबंधात त्यास ‘ब्रह्मांडीय खलनायक’ असे म्हटले आहे.

या प्रकारात एक अंगभूत अडचण आहे. जो ग्रह गिळू शकतो त्याच्याशी मनुष्याचा संघर्ष संभवतो कसा? आणि संघर्षच संभवत नसेल तर कथा उरते कोठे? असे असूनही या प्रकारातील काही खलनायक पन्नासहून अधिक वर्षे वाचकांच्या स्मरणात राहिले, तर काही त्यांच्याहून कितीतरी अधिक सामर्थ्यवान असूनही केवळ घटनेचे निमित्त ठरले. हा फरक कशामुळे पडतो, हा या निबंधाचा प्रश्न आहे. ब्रह्मांडीय खलनायकाचा प्रभाव त्याच्या सामर्थ्यावर नव्हे तर त्याच्या उणिवेवर अवलंबून असतो, आणि ही उणीव दुसऱ्या कोणाकडून तरी भरून निघण्याजोगी असावी लागते, हे येथील प्रतिपादन आहे. त्यासाठी मार्व्हल आणि डीसी या दोन प्रमुख प्रकाशन संस्थांच्या कथांतील पाच पात्रांचा त्यांच्या निर्मितीकाळाच्या संदर्भात विचार केला आहे.

१. पार्श्वभूमी : १९५४ ची आचारसंहिता

१९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्स आणि बालगुन्हेगारी यांचा संबंध जोडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. शासकीय नियंत्रण टाळण्यासाठी प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता स्वीकारली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे चित्रण करू नये आणि प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा विजय होऊन गुन्हेगारास शिक्षा व्हावी, अशी बंधने तीत होती.

या बंधनांचा परिणाम खलनायकाच्या घडणीवर होणे अपरिहार्य होते. ज्याला शिक्षा होणार हे पहिल्या पानावरच ठाऊक आहे, ज्याच्या मनात डोकावण्यास मज्जाव आहे, असा खलनायक एकसुरी होतो. ब्रह्मांडीय खलनायक हा गुन्हेगार या संज्ञेतच बसत नव्हता. वादळाला किंवा दुष्काळाला कोणी शिक्षा देत नाही. त्यामुळे संहितेच्या चौकटीत राहूनही लेखक-चित्रकारांना एक नवे क्षेत्र खुले झाले.

२. गॅलॅक्टस : भुकेची उणीव

‘फँटॅस्टिक फोर’ या मासिकाच्या ४८ ते ५० या अंकांत (मार्च ते मे १९६६) स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी गॅलॅक्टस हे पात्र आणले. तो ग्रहांची जीवनशक्ती शोषून जगतो. पृथ्वीविषयी त्याच्या मनात द्वेष नाही. मुंगीच्या वारुळावरून चालणाऱ्या माणसाच्या मनात मुंग्यांविषयी जेवढा राग असतो तेवढाही त्याला नाही. त्याला भूक लागली आहे, एवढेच कारण. अण्वस्त्रांच्या छायेत वाढलेल्या तत्कालीन वाचकाला अशा हेतुशून्य विनाशाची कल्पना नवी नव्हती.

तथापि केवळ भूक पुरेशी नाही. या कथेचे मर्म गॅलॅक्टसमध्ये नसून त्याचा अग्रदूत सिल्व्हर सर्फर याच्यात आहे. आपल्या धन्यासाठी ग्रह हुडकून देणारा हा सेवक ॲलिशिया मास्टर्स या अंध शिल्पकार स्त्रीच्या घरी येऊन पडतो. तिच्या बोलण्याने त्याला पृथ्वीवरील माणसांचे मोल कळते आणि तो धन्याविरुद्ध उभा राहतो. शेवटी एका महाभयंकर अस्त्राच्या धाकाने गॅलॅक्टस माघार घेतो, हे खरे. परंतु जाताना तो सर्फरचे अंतराळसंचाराचे स्वातंत्र्य हिरावून घेतो. भूक भागली नाही म्हणून नव्हे, तर सेवकाने पाठ फिरवली म्हणून ही शिक्षा आहे. ज्याला कोणाचीच गरज नाही असे वाटत होते त्याला निष्ठेची गरज होती, हे येथे उघड होते.

पुढे जॉन बर्न यांनी ‘फँटॅस्टिक फोर’च्या २६२ व्या अंकात (जानेवारी १९८४) हाच धागा नैतिक प्रश्नापर्यंत नेला. मरणोन्मुख गॅलॅक्टसचे प्राण वाचविल्याबद्दल रीड रिचर्ड्स या शास्त्रज्ञ नायकावर खटला भरला जातो. नायकाच्या दयेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा हा प्रसंग गॅलॅक्टस नुसता राक्षस असता तर संभवलाच नसता.

३. डार्कसाइड : संमतीची उणीव

जॅक कर्बी (१९१७–१९९४) हे न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीत वाढले. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, मार्च १९४१ ही तारीख असलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकावर त्यांनी हिटलरला ठोसा मारणारा नायक चितारला होता. पुढे १९४४ मध्ये ते पायदळाचे सैनिक म्हणून फ्रान्सच्या भूमीवर लढले. थंडीमुळे पायांना गंभीर इजा होऊन त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. हा तपशील महत्त्वाचा अशासाठी की, हुकूमशाही ही त्यांच्या दृष्टीने ऐकीव गोष्ट नव्हती.

१९७० मध्ये कर्बी मार्व्हल सोडून डीसीकडे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी डार्कसाइड हे पात्र प्रथम आणले आणि १९७१ पासून ‘न्यू गॉड्स’, ‘फॉरएव्हर पीपल’ व ‘मिस्टर मिरॅकल’ या मासिकांतून त्याचा विस्तार केला. अपोकोलिप्स या ग्रहाच्या या अधिपतीला ‘अँटी-लाइफ इक्वेशन’ नावाचे सूत्र हवे आहे. ते ज्याच्या हाती येईल त्याला सर्व सजीवांच्या इच्छाशक्तीवर ताबा मिळेल. येथे मरण अभिप्रेत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तो जिवंत असूनही जिवंत नव्हे, असा ‘जीवनविरोधी’ या शब्दाचा आशय आहे. ‘फॉरएव्हर पीपल’च्या तिसऱ्या अंकातील ग्लोरियस गॉडफ्री हा प्रचारक निर्णयाच्या ओझ्यातून सुटका देऊ करतो आणि सामान्य माणसे आपखुषीने त्याच्या मागे जातात. विसाव्या शतकातील सर्वंकषवादाचे याहून नेमके चित्र त्या काळातील बारा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

डार्कसाइडला हवे असलेले सूत्र पृथ्वीवरील माणसांच्या मनात दडलेले आहे, ही कर्बी यांची योजना विशेष लक्षात घ्यावी लागते. एवढ्या मोठ्या सत्ताधीशाला एखाद्या अनोळखी माणसाचे मन धुंडाळत फिरावे लागते. ‘न्यू गॉड्स’च्या सातव्या अंकात (१९७२) त्याच्या उणिवेची दुसरी बाजू दिसते. युद्धबंदीसाठी तो आपला मुलगा शत्रूला देतो व शत्रूचा मुलगा स्वतःकडे ठेवून घेतो. त्याचा स्वतःचा मुलगा ओरायन शत्रूच्या घरी माणुसकी शिकतो, तर त्याच्या छळछावणीत वाढलेला स्कॉट फ्री तेथून निसटतो. दोन्ही मुले त्याच्या सिद्धांताला जिवंत प्रत्युत्तर ठरतात. अपेक्षित विक्रीअभावी ‘न्यू गॉड्स’ १९७२ मध्येच बंद पडले. परंतु डार्कसाइड टिकून राहिला. पुढील काळात जेथे जेथे त्याला केवळ सुपरमॅनशी मुष्टियुद्ध करणारा बलदंड म्हणून वापरले गेले, तेथे तो सामान्य वाटतो. पात्र तेच, बळही तेवढेच. मात्र संमतीचा प्रश्न कथेतून काढून घेतला गेला.

४. थॅनोस : स्वीकाराची उणीव

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी नौदलात असलेले जिम स्टारलिन यांनी ‘आयर्न मॅन’च्या ५५ व्या अंकात (फेब्रुवारी १९७३) थॅनोसला आणले. मृत्युप्रेरणेसाठी मानसशास्त्रात रूढ झालेल्या ‘थॅनॅटॉस’ या संज्ञेवरून हे नाव घेतले आहे. हा खलनायक साक्षात मृत्यूवर प्रेम करतो. मृत्यू या कथांत स्त्रीरूपाने वावरते आणि त्याच्याकडे बहुधा पाहतही नाही.

‘द थॅनोस क्वेस्ट’ (१९९०) मध्ये तो सहा रत्ने मिळवून सर्वशक्तिमान होतो. परंतु आता तो तिच्याहून श्रेष्ठ झाल्याने ती त्याच्याशी बरोबरीने बोलू शकत नाही. जे मिळविण्यासाठी सामर्थ्य कमावले तेच त्या सामर्थ्यामुळे दुरावते. ‘इन्फिनिटी गाँटलेट’ या सहा अंकी मालिकेत (१९९१, चित्रे जॉर्ज पेरेझ व रॉन लिम) तो एका चुटकीसरशी विश्वातील निम्मे सजीव नाहीसे करतो, तरीही तिचे मौन सुटत नाही. अखेरीस त्याचा पराभव होतो तो स्वतःमुळेच. आपण या सत्तेस पात्र नाही हे त्याला आतून ठाऊक असल्याने तो प्रत्येक वेळी विजय हातचा घालवितो, असे ॲडम वॉरलॉक हे पात्र त्याला सांगते. मालिकेच्या शेवटी थॅनोस एका दूरच्या ग्रहावर शेती करताना दिसतो.

५. नीरसतेची कारणे : १९८४ ते १९८६

याच्या उलट उदाहरणे १९८० च्या दशकाच्या मध्यावर आढळतात. मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’ ही बारा अंकी मालिका (१९८४–८५) मॅटेल कंपनीच्या खेळण्यांच्या विक्रीशी जोडलेली होती. सर्व नायक आणि खलनायक एका ठिकाणी आणणे हा तिचा उद्देश, आणि त्यासाठी ‘बियाँडर’ या अमर्याद शक्तीची योजना. लेखक जिम शूटर यांना या पात्रातील पोकळी जाणवली असावी. कारण ‘सीक्रेट वॉर्स २’ (१९८५–८६) मध्ये बियाँडर मनुष्यरूपाने पृथ्वीवर येऊन ‘इच्छा’ म्हणजे काय हे शिकू पाहतो. कल्पना लक्षणीय होती. परंतु ज्याला मनात येताच काहीही घडविता व मोडता येते, त्याच्या कोणत्याही कृतीला किंमत मोजावी लागत नाही. आणि जेथे किंमत नाही तेथे वाचकाची उत्सुकता टिकत नाही.

डीसीच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ (१९८५–८६) मधील अँटी-मॉनिटर तर असंख्य विश्वे नष्ट करतो. मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांची ही मालिका कॉमिक्सच्या इतिहासातील मैलाचा दगड आहे, यात वाद नाही. परंतु पन्नास वर्षांच्या कथांतील परस्परविसंगत पृथ्व्या निकालात काढणे ही प्रकाशकाची गरज होती आणि अँटी-मॉनिटर हे त्या सफाईचे हत्यार होते. वाचकाला या मालिकेतून आठवतात ते सुपरगर्ल आणि फ्लॅश यांचे मृत्यू. मारणारा फारसा आठवत नाही. त्याने केलेला संहार गॅलॅक्टसच्या कितीतरी पट आहे. मात्र त्याला कोणाकडून काहीच नको आहे. म्हणून त्याच्याशी बोलण्यासारखेही काही नाही.

६. रुपेरी पडद्यावरील थॅनोस : हिशेबाचा मोह

‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ (२०१८) या चित्रपटाने थॅनोसचा हेतू बदलला. मृत्यूवरील प्रेम जाऊन तेथे साधनसंपत्तीचा तुटवडा आला. लोकसंख्या निम्मी केली तर उरलेले सुखी होतील, असा त्याचा हिशेब. हा खलनायक प्रभावी ठरला आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे काय, यावर प्रेक्षकांत चर्चाही झाली. इतिहासाच्या अध्यापकाने येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे.

हा हिशेब जुना आहे. माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध १७९८ चा. पॉल एर्लिक यांच्या १९६८ मधील ‘द पॉप्युलेशन बाँब’ या पुस्तकाचा प्रारंभच दिल्लीतील टॅक्सीप्रवासात दिसलेल्या गर्दीच्या वर्णनाने होतो. चित्रपटाचा आधार हे पुस्तक आहे असे येथे सुचवावयाचे नाही. विचाराची रीत तीच आहे, एवढेच दाखवावयाचे आहे. या रीतीचा अनुभव आपण घेतलेला आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ या एकाच वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत सक्तीचा मोठा वाटा होता. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमतही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. माणसांची संख्या हाच प्रश्न मानला की माणूस हा आकडा होतो, हे समजण्यासाठी आपल्याला परग्रहावर जाण्याचे कारण नाही.

शिवाय हा हिशेब गणित म्हणूनही टिकत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली, असे संयुक्त राष्ट्रसंघाने मानले. तिच्या निम्मी म्हणजे ४०० कोटी लोकसंख्या १९७४ च्या सुमारास होती. म्हणजे निम्म्या मानवजातीचा बळी देऊन जग मागे जाते ते सुमारे अर्धशतक, आणि १९७४ मध्येही दारिद्र्य व उपासमार होतीच.

मग हा थॅनोस प्रभावी का ठरतो? त्याच्या युक्तिवादामुळे नव्हे. एका रत्नासाठी तो ज्या गमोराला मुलगी म्हणून वाढवितो तिचाच बळी देतो आणि रडतो, तेव्हा त्याची उणीव आपल्याला दिसते. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९) मध्ये ती अधिक स्पष्ट होते. उरलेली माणसे गेलेल्यांना विसरत नाहीत, हे कळताच तो सारेच विश्व मोडून नवे, कृतज्ञ विश्व घडविण्याची भाषा करतो. त्याला समतोल नको होता, आभार हवे होते.

निष्कर्ष :

१. ब्रह्मांडीय खलनायकाचे सामर्थ्य वाढविल्याने त्याचा प्रभाव वाढत नाही. गॅलॅक्टसला निष्ठा, डार्कसाइडला संमती आणि थॅनोसला स्वीकार हवा आहे; या गोष्टी बळाने मिळत नाहीत, म्हणूनच या कथांत दुर्बळ माणसाला स्थान उरते.

२. बियाँडर व अँटी-मॉनिटर यांची नीरसता हा केवळ लेखकांच्या प्रतिभेचा प्रश्न नाही. खेळण्यांची विक्री अथवा कथाविश्वाची फेरमांडणी अशा बाह्य गरजांतून त्यांची योजना झाली, हे तिचे ऐतिहासिक कारण आहे.

३. खलनायक प्रभावी वाटणे आणि त्याचे म्हणणे पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या चित्रपटांच्या आधारे वर्गात हा भेद स्पष्ट करता आला, तर सर्वंकष सत्तेचा आणि सक्तीच्या लोकसंख्या नियंत्रणाचा इतिहास शिकविण्यास त्याची निश्चितच मदत होईल.