बॉक्सरची जात कोण पुसतं?

जुलै २०२१. कोरोनामुळे मुंबईतली थिएटरं बंद होती, ती उघडली थेट २२ ऑक्टोबरला. त्या जुलैत सहा दिवसांच्या अंतराने बॉक्सिंगवरचे दोन सिनेमे अ‍ॅमेझॉन प्राइमवरून घरात आले. १६ तारखेला राकेश ओमप्रकाश मेहरांचा 'तूफान', २२ तारखेला पा. रंजित यांचा 'सारपट्टा परंबरै'. पहिल्याची गोष्ट डोंगरी आणि दादरची, म्हणजे आपल्या अंगणातली. दुसऱ्याची उत्तर मद्रासची, तीही तमिळमध्ये. तरी आमच्या विहारातली पोरं एका मोबाईलभोवती बसून 'सारपट्टा' बघत होती आणि आठवडाभर त्याच्यावरच बोलत होती. का? उत्तरासाठी आधी अमेरिकेत जावं लागेल.

१९२८ साली जोसेफ मॉन्क्युअर मार्च या लेखकाचं 'द सेट-अप' हे दीर्घ कथाकाव्य प्रसिद्ध झालं. त्याचा नायक पॅन्झी जोन्स हा कृष्णवर्णीय बॉक्सर. १९४९ मध्ये आर.के.ओ. या कंपनीने त्यावर सिनेमा काढला, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. अंधाऱ्या गल्ल्या, गुंड, विकलेली माणसं दाखवणाऱ्या ज्या अमेरिकन सिनेमांना 'फिल्म न्वार' म्हणतात, त्यातला हा एक उत्तम सिनेमा मानला जातो. सुमारे सत्तर मिनिटांचा, आणि गोष्टही तेवढ्याच वेळात घडते. उतारवयाकडे झुकलेल्या बॉक्सरचा मॅनेजर त्याला न सांगताच गुंडाकडून त्याच्या हरण्याचे पैसे घेतो. बिचारा प्रामाणिकपणे लढतो, जिंकतो आणि त्याची किंमत मोजतो. सिनेमा चांगला आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण पडद्यावर येताना पॅन्झी जोन्सचा झाला स्टोकर थॉम्सन, आणि स्टोकर गोरा आहे. ती भूमिका केलेला रॉबर्ट रायन कॉलेजात स्वतः बॉक्सिंग करायचा, म्हणून मारामारी खरी वाटते. कृष्णवर्णीय बॉक्सर सिनेमात उरला तो ड्रेसिंग रूममध्ये: जेम्स एडवर्ड्सने केलेला ल्यूथर हॉकिन्स. आशावादी, उमदा आणि दुय्यम.

कृष्णवर्णीय नायक प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, हा अशा वेळचा ठरलेला युक्तिवाद. पण जो लुई १९३७ पासून हेवीवेट जगज्जेता होता! त्याचे ठोसे अख्ख्या अमेरिकेने रेडिओवर ऐकले होते. रिंगमध्ये तो चालत होता. दुःख, बायको, स्वाभिमान असलेला माणूस म्हणून त्याला पडद्याच्या मधोमध बसवायची वेळ आली की अडचण व्हायची.

२००४ मध्ये वॉर्नरने या सिनेमाची डीव्हीडी काढली. खुद्द वाइज आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांचं भाष्य त्यावर आहे. चित्र स्वच्छ झालं, सावल्या उठून दिसू लागल्या. पॅन्झी जोन्स मात्र परत येऊ शकत नव्हता. जे चित्रितच झालं नाही, ते कोणत्याही प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही. जतन करण्याचं राजकारण इथे कळतं: अभिजात ठरलेलंच जपलं जातं, आणि मूळची गाळणीही त्याच्याबरोबर जपली जाते.

त्याच्या दोन वर्षं आधीच्या 'बॉडी अँड सोल'मध्ये कॅनडा ली या खऱ्याखुऱ्या माजी बॉक्सरने बेन चॅप्लिन हा कृष्णवर्णीय विजेता केला. बेन पुढे गोऱ्या नायकाला शिकवतो आणि मरतो. त्याचं मरण नायकाच्या सद्सद्विवेकाच्या कामी येतं.

आता 'मुक्काबाज' (२०१८) आठवा. त्यात दलित माणूस आहे, जातीच्या उल्लेखासह आहे, आणि त्याबद्दल अनुराग कश्यपला श्रेय दिलंच पाहिजे. पण तो प्रशिक्षक आहे. मार तो खातो. नायक राजपूत. बेन चॅप्लिन सत्तर वर्षांनी बरेलीत अवतरला, इतकंच.

'तूफान'मध्ये डोंगरीचा अझीझ अली आणि दादरचे नाना प्रभू. आंतरधर्मीय जोडप्याला घर मिळत नाही, घरासाठी अझीझ पैसे घेऊन सामना हरतो. 'न्वार'चा जुनाच सौदा, पण कारण अस्सल मुंबईचं. मुसलमानाला घर नाकारलं जातं हे मुख्य प्रवाहातल्या सिनेमाने सांगितलं, हे आम्ही मोलाचं मानतो. १९१७ मध्ये बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना सामानासह बाहेर काढलं गेलं, तिथपासून आपल्याला हा प्रश्न ठाऊक आहे. आमचा आक्षेप नकाशाला आहे. डोंगरीहून दादरला जाताना वाटेत भायखळा लागतं, लालबाग, परळ, नायगाव लागतं. बी.आय.टी. चाळी, बी.डी.डी. चाळी लागतात. याच परळच्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. दादरात तर राजगृह आहे, चैत्यभूमी आहे. या गोष्टीची गाडी मधे कुठे थांबत नाही. मुंबई म्हणजे एक मुसलमान, एक सवर्ण हिंदू आणि त्यांच्यातलं प्रेम. तिसरा माणूस कथेला लागतच नाही.

खेळाडू नव्हते म्हणाल, तर तेही खोटं. चांभार समाजातले पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले, आणि हिंदू संघाने त्यांना कर्णधार केलं नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळाला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने भायखळा-परळमध्ये याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं, बाबासाहेब जिंकले. यापेक्षा गुंतागुंतीची, यापेक्षा 'न्वार' गोष्ट कोणत्या पटकथाकाराला हवी आहे? गुणी माणसाला आधी डावलायचं, मग त्याच्याच माणसांच्या नेत्यासमोर उभं करायचं. आम्ही बाळूंना दोष देत नाही. डाव त्यांनी मांडला नव्हता.

'सारपट्टा'चा कबिलन गोदी कामगार आहे. त्याला जातीवरून हिणवणारे त्याच्याच तालमीत आहेत. तो चढतो, दारूत घसरतो, बायकोच्या आणि आईच्या शिव्या खातो, पुन्हा उभा राहतो. सिनेमात बुद्ध आणि बाबासाहेब दिसतात, पण कुणी भाषण देत नाही. कबिलन कुणाच्या सद्सद्विवेकासाठी मरत नाही. शेवटी हात उंचावला जातो तो त्याचाच. पोरं त्याच्यावर का बोलत होती, ते एवढ्यावरून कळावं.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये याच शहरातल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव घेतलं. तेव्हा पॅन्झी जोन्स हा आमच्या घरचा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात विहारात पडदा लावून 'द सेट-अप' आणि 'सारपट्टा' लागोपाठ दाखवायचा आमचा विचार आहे. मधल्या वेळेत चहा आणि चर्चा. 'तूफान' आवडलेल्यांनी जरूर यावं, भांडायला माणसं हवीत.

जय भीम.