उरुसाआधीचे दिवस

मिरजेत गाणं ऐकायच्या आधी गाण्याच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. निदान आमच्या घरात तरी तसंच होतं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तोवर त्यांच्याबद्दल मला इतकं सांगून झालं होतं, की घरातलंच कुणीतरी गातंय असं वाटलं.

ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस जवळ आला की या गोष्टी पुन्हा निघतात. उरुसाची तिथी चांद्र महिन्यावर ठरते, म्हणून दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी थंडीत येतो, कधी ऐन परीक्षेत. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, रात्री जागवून गाणं होतं. खाँसाहेबांची कबरही त्याच आवारात आहे. मोठमोठे गायक इथे कार्यक्रम करायला नव्हे, तर हजेरी लावायला येतात. बोलतानाही आम्ही ‘हजेरी’ असंच म्हणतो. हिराबाई, गंगूबाई, भीमसेन या सगळ्यांनी ती लावली. ऐकणाऱ्यानंही हजेरीच लावायची असते, असं आजोबांचं म्हणणं.

मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. पार कर्नाटकातून पेशंट येतात, सकाळी सातला रांग लागलेली असते. सांगलीहून सॅम्पल आणायचे असले की सिटी बसनं जाते, आणि कानात इअरफोन घालते तो तेवढ्या वाटेपुरता. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. बस दोन थांबे पुढे जाईपर्यंत एक झिंझोटी पुरी होते. एवढ्या वेळात त्यांनी राग कसा उभा केला असेल हे मला अजून उलगडलेलं नाही. पुन्हा लावते, पुन्हा ऐकते. गदगमधल्या एका मुलानं दुकानात वाजणारी हीच झिंझोटीची तबकडी ऐकली आणि १९३३ च्या सुमारास, अकरा वर्षांचा असताना, गुरू शोधायला घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे कुंदगोळला खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे तो शिकला. घर सोडावं असं काय आहे या तीन मिनिटांत, हे शोधत मी अंकलीपर्यंतच्या फाट्यांवरून, विश्रामबागेच्या गर्दीतून हिंडत असते.

आजोबा रेल्वेत होते, मालधक्क्यावर. मिरज जंक्शनात एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ होते, त्यातल्या सगळ्यात अरुंद रुळावरून पंढरपूरकडची गाडी यायची. त्या गाडीनं भोपळे यायचे असं ते सांगतात. खायचे नव्हेत, तंबोऱ्याचे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात ते पिकवतात, जाड सालीचे, कडू. “पोत्यात घालून न्हाई चालत, उघडेच रचायचे,” ते सांगतात. “एक तडकला की सतार गेली म्हणायची.”

पण त्यांची लाडकी गोष्ट दुसऱ्या एका स्टेशनाची आहे. ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगापेरुमाळ कोयिल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा जुळवला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. २७ ऑक्टोबर. आजोबांचा जन्म त्यानंतरचा. ही गोष्ट त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितली, आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलेलीच. पण आजोबांनी रेल्वेत लागल्यावर दक्षिण रेल्वेचं टाइमटेबल मिळवून ते स्टेशन शोधून काढलं, कुठल्या गाड्या तिथे थांबतात ते पाहिलं. नावाखाली पेन्सिलीची रेघ असलेलं ते पान अजून घरात आहे. एवढा मोठा गवई त्या रात्री कुठल्याशा आडगावच्या फलाटावर होता, आणि त्या फलाटावर कंदील घेऊन आपल्यासारखाच कुणी रेल्वेवाला उभा असेल, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नाही. दरबारीच होता का, शेवटी कोण कोण जवळ होतं, हे पुस्तकांतून मी ताडून पाहिलं. बरंचसं जुळतं. जिथे थोडं इकडेतिकडे होतं तिथे मी आजोबांना थांबवत नाही. त्यांनी नोकरीभर जे फलाट पाहिले त्यांचं सगळं ज्ञान त्या गोष्टीत उतरलं आहे.

आजीची गोष्ट वेगळी. आजोबा ज्या ठिकाणी थांबतात तिथून ती सुरू होते. “सगळे खाँसाहेबांचं सांगतात. ताराबाईचं कोण सांगतं?” ताराबाई माने बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. दरबारात नोकरीला असलेल्या तरुण खाँसाहेबांकडून त्या गाणं शिकल्या, आणि दोघांनी बडोदं सोडलं. पाच मुलं झाली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकीना सरस्वती राणे झाली. हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. वडिलांपासून दुरावलेल्या या मुलीच्या गळ्यात त्यांच्याच किराणा घराण्याचा सूर आला, तो गवई वहीद खाँ यांच्याकडून आणि थोरल्या भावाकडून. घरंदाज बाईनं तिकीट लावून लोकांसमोर बसून गाणं हे ज्या काळात कुणाला मानवत नव्हतं, त्या काळात हिराबाई गायल्या. आजीच्या आईनं त्यांना सांगलीत ऐकलं होतं. डोक्यावरून पदर, हातवारे नाहीत, चेहरा वेडावाकडा नाही, आणि सूर असा की बायका उठून घरी जायच्या विसरल्या, हे आजी प्रत्येक वेळी त्याच क्रमानं सांगते. मला वाटतं, ताराबाईंनी पाच मुलं एकटीनं वाढवली नसती तर किराण्याचं महाराष्ट्रातलं अर्धं गाणं आज असतं का, हा प्रश्न गाण्याच्या इतिहासात अजून पुरेशा मोठ्यानं विचारला जात नाही. आजी तो दर उरुसाला विचारते.

उरुसाच्या आधी माझं एक ठरलेलं काम असतं. आईचा तंबोरा सतारमेकर गल्लीत न्यायचा. १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगारांनी मिरजेत वाद्यं करायला सुरुवात केली. तलवारी-भाल्यांना धार लावणारं घराणं. संस्थानं शांत झाली, हत्यारांचं काम आटलं, आणि मिरजेत संस्थानिक पटवर्धनांच्या पदरी गवई-बजवय्ये होते, त्यांच्या वाद्यांची दुरुस्ती करता करता हे लोक कारागीर झाले. आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, २०२४ साली. गल्लीत त्याचा आनंद आहे, पण नवी पोरं कामाला बसत नाहीत ही काळजी त्याहून मोठी आहे.

ज्या चाचांकडे मी जाते ते तंबोरा हातात घेतात आणि आधी काहीच बोलत नाहीत. चारी तारा एकदा छेडतात, मग घोडीकडे बघतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो, आणि तार त्या उतारावर जिथे हलकेच टेकते तिथून आवाज फुलतो. तारेनं वर्षभर घासून तिथे खाच पडते. आवाज बसतो, नुसता टणटण येतो. मग कानशीनं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. ही जवारी. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सारून सरकवत न्यायचा, एका जागी आवाज एकदम उघडतो. चाचा म्हणाले, “बेटा, घासायला हात लागतो, थांबायला कान लागतो. जादा घासलं तर घोडीच बदलायची.” खाँसाहेब स्वतः दुरुस्तीची हत्यारं बाळगायचे, वाद्यं आपल्या हातानं दुरुस्त करायचे, हे मी गल्लीतही ऐकलंय आणि वाचलंयही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स बावीस श्रुती मोजत होते तेव्हा त्यांनी खाँसाहेबांनाच गायला बसवलं होतं. इतका बारीक कान ज्याचा, तो तंबोरा दुसऱ्याच्या भरवशावर कसा सोडेल?

तंबोरा घरी आला की तयारीला वेग येतो. लॅबमध्ये मैत्रिणीशी पाळी बदलून घेते, त्या बदल्यात तिच्या दिवाळीच्या पाळ्या माझ्या. हुबळीहून आत्या येते, तिच्यासोबत धारवाडचा पेढा येतो. सतरंजी गच्चीवर उन्हात पडते. आजी चिवडा करते, कारण मध्यरात्री भूक लागते आणि त्या वेळी उठून गेलं की जागा जाते. बाहेर रस्त्यावर पाळणे उभे राहतात, खेळण्यांची, मेवामिठाईची दुकानं लागतात. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा. तो वाजतगाजत दर्ग्याकडे जातो तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून हात जोडतात.

आजोबांना आता रात्रभर बसवत नाही. गुडघे. गेल्या उरुसाला ते पहिलं गाणं ऐकून परतले आणि मला म्हणाले, “तू बस. सकाळी सांग कोण कसं गायलं ते.” तेव्हापासून मी ऐकताना आजोबांना काय सांगायचं ते मनात लावत जाते. मध्यम कसा लागला, तबलजीनं कुठे समजून घेतलं, कोणत्या जागेला शेजारचे म्हातारे गृहस्थ मान हलवता हलवता थांबले.

यंदा आत्याचा नऊ वर्षांचा नातू येणार आहे. त्याला गाण्याचं काही नाही, त्याला पाळण्यात बसायचंय. फोनवर मी त्याला खाँसाहेबांच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. टिपू मियाँ त्याचं नाव, खाँसाहेबांनी त्याला सुरात आवाज काढायला शिकवलं होतं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यानं विचारलं, “कुठल्या सुरात?”

मला माहीत नव्हतं. म्हटलं, आजोबांना विचारू. आता तो पहिल्या रात्री आमच्यासोबत चिंचेखाली बसणार आहे, आजोबांच्या मांडीशेजारी, आणि आजोबांनी त्याच्यासाठी उशीसुद्धा काढून ठेवली आहे.