शास्त्रांच्या कपाटातली कीड

आमच्या पलसाण्याहून महामार्गाने उत्तरेला निघालं, की नर्मदेच्या अलीकडे अंकलेश्वर लागतं. बहुतेकांना ते कारखान्यांचं गाव म्हणून ठाऊक. पण दिगंबर परंपरा सांगते, की गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांकडून ज्ञान घेऊन पुष्पदंत आणि भूतबली हे दोन मुनी चातुर्मासाला इथेच आले. पुढे षट्खंडागम लिहून पूर्ण झाला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला चतुर्विध संघाने त्याची पूजा केली. तीच आपली श्रुतपंचमी. तोंडी चालत आलेलं ज्ञान पानांवर उतरलं, तशी विसरण्याची भीती सरली. पण पानांबरोबर दुसरी भीती आली, ती किडीची.

या ग्रंथाच्या आणि त्यावरच्या धवला टीकेच्या जुन्या ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला राहिल्या. शतकानुशतकं लोक जात, दर्शन घेत, नमस्कार करून परत येत. 1883 मध्ये मूळचे सुरतेचे शेठ माणिकचंद यात्रेला तिथे गेले. त्यांनी दर्शन तर घेतलंच, पण पानं जीर्ण झालेली पाहिली. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींच्या ते कानावर घातलं. दोघांच्या खटपटीने 1896 मध्ये नक्कल करायला सुरुवात झाली आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं. 1939 पासून धवला छापून येऊ लागली, तीही आपल्या अमरावतीहून, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली.

तरीही काही गेलंच. षट्खंडागमाचा सहावा खंड महाबंध. त्याचा काही भाग किडीने खाऊन नष्ट झाल्याचं आचार्य शांतिसागर महाराजांना कळलं, तेव्हा ते फार व्यथित झाले. त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरण्यात आले आणि फलटणला ठेवले गेले. तांब्याला कीड लागत नाही, खरं. पण आपल्या मंदिरांतली सगळी शास्त्रं तांब्यावर कोण कोरणार? कागद आणि ताडपत्रच सांभाळायचं आहे.

सांभाळायचं तर आधी ओळखायला हवं. भिंतीवर किंवा कपाटामागे मातीची नळी चढलेली दिसली, तर ती वाळवी. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या, तर कसर. ही चंदेरी, चपळ, ओलाव्याला आणि खळीला भुलणारी. पानांच्या थप्पीतून आरपार बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा, तर अळीचं काम. हिचे तपकिरी किडे आपल्या ओळखीचे आहेत. हळदीच्या, धण्याच्या डब्यात होतात ना, त्यांतलेच. स्वयंपाकघरात डबा उघडल्याबरोबर आपल्या लक्षात येतं. शास्त्राचं कपाट मात्र उघडलंच जात नाही.

वस्तुसंग्रहालयांत हल्ली हेच काम नेमाने करतात. काचेच्या कपाटाचे कोपरे, फटी, अस्तराचं कापड बॅटरीच्या उजेडात तपासायचं. चिकट कागद तारीख घालून ठरलेल्या जागी ठेवायचे. कोणता किडा, किती, कुठे, याची वहीत नोंद करायची. एकाच कोपऱ्यात आकडा वाढत गेला, की तिथे ओल आहे का, फट आहे का, ते शोधायचं. नवी वस्तू आली तर आधी वेगळी ठेवायची. औषध अगदी शेवटी.

चिकट कागदावर जीव मरतो, म्हणून आपल्याला तो नको वाटेल. मग खणात पांढराशुभ्र कागद अंथरावा. भुसा पडला की लगेच दिसतो. वेष्टनाच्या घडीत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. इकडे गुजरातेत त्याला घोडावज म्हणतात, आणि पोथ्यांमध्ये ते ठेवायची रीत जुनीच आहे. पण पुरचुंडी ठेवली म्हणून पाहणी चुकवू नये. पावसाळ्यात सुरतेकडची हवा किती दमट असते, हे आपल्या पापडांना विचारा.

काही जणी म्हणतात, जीवदया पाळायची तर किडीच्या वाटेला कशाला जायचं? मला उलट वाटतं. मुनी वस्तू उचलताना-ठेवताना पिंछीने प्रतिलेखन करतात, आधी नीट पाहतात, ते जीव वाचावा म्हणूनच. वेळेवर पाहिलं तर एखादा किडा कागदावर घेऊन बाहेर सोडता येतो. पाच वर्षं पाहिलं नाही, तर शेवटी फवारणीवाल्याला बोलवावं लागतं आणि मग हजारो जीव जातात. शिवाय शास्त्रही गेलेलंच असतं. पाहणीत हिंसा कमी आहे, आळसात जास्त.

श्रुतपंचमीला आपण शास्त्रांना नवी वेष्टनं चढवतो, अर्घ्य वाहतो. जुनं वेष्टन सोडल्यावर पानं मोजावीत, भोकं पाहावीत, मंदिराच्या वहीत तारीख घालून लिहावं. दर पंधरा दिवसांनी एकीने खणातला कागद पाहावा. चार जणींनी पाळी लावली तर एकीवर भार पडत नाही. माणिकचंद शेठजींनी दर्शनाला गेल्यावर पानांची दशा पाहिली, म्हणून पुढचं सगळं झालं. आपल्या गावच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं आधी विचारू या.