शताधिपती, ढकलगाडी आणि आपण

१८७८ साली इंग्लंडमधील एका खेड्यातल्या वृद्ध धर्मगुरूने व्याकरणाचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावात 'ग्रामर' हा शब्द नव्हता. तो ग्रीक कुळातला, म्हणून त्याज्य. त्याऐवजी होता 'स्पीचक्राफ्ट', म्हणजे बोलण्याची कारागिरी. आत डोकावावे तर विशेषणाला 'मार्कवर्ड ऑफ सचनेस', म्हणजे 'असेपणाचा खूणशब्द', असे नाव दिलेले. याच गृहस्थांनी मुलांना फिरवायच्या 'पेरँब्युलेटर'चे नामकरण 'पुशवेनलिंग' असे केले, तर 'ऑम्निबस' या वाहनाचे 'फोकवेन'. मराठीत सांगायचे तर एक ढकलगाडी आणि दुसरी लोकगाडी. आजही हे शब्द वाचून इंग्रज माणसाला हसू आवरत नाही.

या धर्मगुरूंचे नाव विल्यम बार्न्स. त्यांच्याविषयी प्रथम वाचले तेव्हा आम्हीही हसलो. मग त्यांचे चरित्र कळत गेले, तसतसे हसू ओसरत गेले. ते का ओसरले, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

इंग्रजी भाषेचा इतिहास म्हणजे उसनवारीचा इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबारात फ्रेंच आली. चर्चमध्ये व विद्यालयांत लॅटिन होतीच. पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाबरोबर ग्रीकही आली. शेतकऱ्याची भाषा तेवढी मागे, गोठ्यात आणि चुलीपाशी राहिली. ही तफावत ज्यांना प्रथम खटकली त्यांत प्रवचनकार होते, याचे आम्हाला नवल वाटत नाही. ज्याला रविवारी लोकांसमोर उभे राहायचे असते, त्याला समोरचे चेहरे दिसतात.

बाराव्या शतकात ऑर्म नावाचा एक ऑगस्टिनियन संन्यासी होऊन गेला. त्याने शुभवर्तमानांवर पद्यमय प्रवचने रचली आणि त्या ग्रंथाला खुशाल स्वतःचे नाव दिले : 'ऑर्म्युलम'. त्यातील सुमारे १९,००० ओळी आज उपलब्ध आहेत. वाचकाने उच्चारात चुकू नये म्हणून ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन दोनदा लिहायचे, असा त्याने नियम केला आणि तो हजारो ओळींत चिकाटीने पाळला. इंग्रजीच्या स्पेलिंगची सुधारणा करणारा हा एक आद्य पुरुष म्हणावा लागेल. त्याचे अनुकरण मात्र कोणी केले नाही. ग्रंथाची एकच हस्तलिखित प्रत उरली, ती आज ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे.

त्यानंतर चार शतकांनी सर जॉन चीक आले. केंब्रिज येथे ग्रीकचे प्राध्यापक आणि राजपुत्र एडवर्डचे शिक्षक असलेल्या या विद्वानाला ग्रीक-लॅटिन पाठ होते. तरीही इंग्रजीने दुसऱ्याच्या दारी शब्द मागू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. सुमारे १५५० साली त्यांनी मत्तयकृत शुभवर्तमानाचे भाषांतर हाती घेतले. त्यात 'सेंच्युरियन' झाला 'हंड्रेडर', 'अपॉसल' झाला 'फ्रोसेंट', 'रेझरेक्शन' झाले 'गेनरायझिंग'. हे भाषांतर छापले गेले ते १८४३ साली, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी. तेव्हापासून चीक यांचे शब्द विद्वानांच्या विनोदाचा विषय झाले आहेत.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. 'हंड्रेडर' म्हणजे शंभरांवरचा अधिकारी. आपल्या मराठी शुभवर्तमानात तो कोण आहे? शताधिपती! 'फ्रोसेंट' म्हणजे पाठविलेला; आपण म्हणतो प्रेषित. 'गेनरायझिंग' म्हणजे पुन्हा उठणे, आपले पुनरुत्थान. ज्या घडणीच्या शब्दांना इंग्रज हसतो, त्याच घडणीचे शब्द आपण पास्काच्या रात्री गंभीरपणे उच्चारतो आणि आपल्या अंगावर रोमांच उभे राहतात. तेव्हा एखादा शब्द हास्यास्पद आहे की पवित्र, हे त्याच्या घडणीवर ठरत नाही. तो किती ओठांवरून आणि किती प्रार्थनांतून गेला आहे, यावर ते ठरते.

चीक यांच्या हयातीतच विल्टशरमध्ये एक मुलगा जन्मला. तो मोठेपणी येशूसंघात दाखल झाला व १५७९ साली गोव्यात उतरला. तेच आपले फादर थॉमस स्टीफन्स. १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त या इंग्रज माणसाने परक्या भाषेत शब्द घडविण्याचा हट्ट धरला नाही. लोकांच्या कानात पुराणांची ओवी होती, ती त्यांनी घेतली; लोकांना वैकुंठ ठाऊक होते, तेही घेतले. शब्द लादण्यापूर्वी ते ऐकायला बसले, असे आम्हाला वाटते.

आता पुन्हा बार्न्स यांच्याकडे वळू. ते १८०१ साली डॉर्सेट परगण्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मले. अनेक वर्षे शिक्षकाचे काम करून ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले आणि १८६२ पासून १८८६ साली मृत्यू येईपर्यंत विंटरबोर्न केम या लहानशा धर्मग्रामात राहिले. हा माणूस अडाणी नव्हता. १८५४ साली त्यांनी लिहिलेल्या व्याकरणग्रंथात साठांहून अधिक भाषांची तुलना आहे. लॅटिन येत नव्हती म्हणून ते लॅटिन शब्द टाळत नव्हते. मजुराच्या मुलाला ते शब्द उलगडता येत नाहीत, हे त्यांनी शाळेत पाहिले होते. 'बॉटनी' म्हटल्यावर त्या मुलाला काहीच दिसत नाही. 'वर्टलोर' म्हटले तर निदान झाडपाल्याचे ज्ञान एवढे तरी कळेल, असा त्यांचा हिशेब. १८४४ साली त्यांनी डॉर्सेटच्या बोलीतील कवितांचे पुस्तक काढले. ती बोली गावंढळ समजली जात असे. त्यांना मात्र ती आईची भाषा होती. पुढे विख्यात झालेले कादंबरीकार टॉमस हार्डी यांनी १९०८ साली त्यांच्या निवडक कवितांचे संपादन केले.

कविता टिकल्या, घडविलेले शब्द बहुतेक गेले. असे का व्हावे? बार्न्स यांनी ज्यांच्यासाठी शब्द घडविले त्यांना ते विचारून घडविले नव्हते, हे एक कारण आम्हाला दिसते. त्या लोकांनी स्वतःची सुधारणा स्वतःच केली. 'पेरँब्युलेटर' त्यांनी चावून चावून 'प्रॅम' केला. 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी'. लोकांनी त्याचे धड टाकून दिले आणि शेपूट तेवढे ठेवले : 'बस'. कोणत्याही पंडिताला न सुचणारी ही गंमत आज आपल्याही गावच्या थांब्यावर उभी आहे. 'लोकगाडी' हरली आणि एका लॅटिन प्रत्ययाला लोकांनी आपले म्हटले.

पण घडविलेले सारेच शब्द मरतात असेही नाही. 'फोकलोर' हा शब्द विल्यम टॉम्स यांनी १८४६ साली अशाच शुद्ध इंग्रजी धातूंपासून घडविला, तो जगभर गेला. आपल्याकडे सावरकरांच्या 'महापौर' आणि 'बोलपट' या शब्दांना आज कोणी हसत नाही. लुईस कॅरल या नावाने लिहिणारे चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डचे गणितज्ञ आणि दीक्षित डीकन. मुलांना हसविण्यासाठी १८७१ साली त्यांनी 'चॉर्टल' हा खिदळण्याचा शब्द रचला, आणि तो थेट शब्दकोशात जाऊन बसला. त्याच विद्यापीठातील रेव्हरंड स्पूनर यांची जीभ म्हणे अक्षरांची अदलाबदल करी, 'वरण-भात'चे 'भरण-वात' व्हावे तशी. त्यांच्या नावावरचे बहुतेक किस्से विद्यार्थ्यांनीच रचले. पण 'स्पूनरिझम' हा शब्द मात्र कायमचा झाला. जिथे गरज असते किंवा खेळ असतो, तिथे शब्द रुजतो. नुसत्या आज्ञेने तो क्वचितच रुजतो.

हे सारे लिहिताना आमच्या मनात एक जुनी चूक घोळत आहे. आम्ही नवीनच धर्मगुरू झालो होतो. संध्याकाळच्या रोझरीत एक आजीबाई मोठ्या आवाजात पुढाकार घेत. प्रार्थना प्रमाण मराठीतली, पण आजींच्या तोंडी तिला बोलीचे वळण आलेले. एक कठीण संस्कृत शब्द तर त्यांनी पार घासून गोल केला होता. काही मुले हसली. आम्हीही हसलो, आणि वर सर्वांदेखत त्यांचा उच्चार सुधारला. सेमिनरीतले शिक्षण ताजे होते. आजींनी "हो फादर" म्हटले. त्यानंतर त्या रोज येत राहिल्या, माळ हातात असे, ओठ हलत. पण त्यांचा आवाज आम्ही पुन्हा कधी ऐकला नाही.

'ऑम्निबस'ची 'बस' करणारे लोक आणि त्या आजी यांत काय फरक होता? काहीच नाही. मोठ्या लोकांनी दिलेला जड शब्द त्यांनी आपल्या तोंडाला बसेल असा करून घेतला होता. बार्न्स त्या जागी असते तर त्यांनी वही काढून तो शब्द टिपून घेतला असता. आम्ही तो पुसला.

आपली मुले आज इंग्रजी शाळांत जातात, जावीत. इंग्रजी शब्दांची गंमतही त्यांनी लुटावी. मात्र आजीच्या बोलीला ती हसू लागली, तर त्यांना रागावण्याऐवजी एक काम सांगावे. तिच्या तोंडचे दहा शब्द, जे पुस्तकात सापडत नाहीत, ते तिच्याच उच्चाराप्रमाणे वहीत लिहून घ्यायला सांगावे. आमच्या धर्मग्रामात आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गाला हे काम दिले आहे. त्या आजींचा घासून गोल झालेला शब्द पहिल्या पानावर आम्ही स्वतः लिहिला.