लॅम्डा खरंच स्थिर आहे का?

१९१७ साली आइन्स्टाइनने समीकरणांत लॅम्डा हा स्थिरांक घातला, कारण त्याला विश्व स्थिर हवं होतं. विश्व प्रसरण पावतंय हे कळल्यावर त्यानेच तो काढला. १९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा अंधूक दिसले. म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय! लॅम्डा परत आला, आता डार्क एनर्जीचं सर्वांत सोपं स्पष्टीकरण म्हणून.

पण ती बदलत असेल तर? मार्च २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या 'डेसी' प्रकल्पाने सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेझारांची मोजमापं मांडली. ती सुपरनोव्हा आणि वैश्विक पार्श्वप्रारणाच्या नोंदींशी जोडली, की डार्क एनर्जी क्षीण होत असल्याचे संकेत मिळतात: २.८ ते ४.२ सिग्मा. सुपरनोव्हांचा कोणता संच घेता, त्यावर आकडा ठरतो. शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात. तेव्हा लॅम्डाला एवढ्यात निरोप देऊ नका. पण विश्वाचं भवितव्य ठरलंय, असंही आता समजू नका.